पोटातलं पाणी

एका आठवड्यात माझ्या पोटाचा घेर सहा इंचांनी वाढला. आत मूल आहे की नाही, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. पाणी मात्र नक्की होतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मूल व्हावं म्हणून मी गोळ्या घेतल्या, इंजेक्शनं घेतली, आणि त्या औषधांनीच अंथरुणाला खिळले. कुणाला कावीळ झाली, टायफॉइड झाला, तर लोक भेटायला येतात, मोसंबी आणतात. माझ्या दुखण्याला नाव नव्हतं. माझी सख्खी मावशी म्हणाली होती, "स्वतःहून ओढवून घेतलंस, आता सोसायला हवं." म्हणून सोसलं. पण त्या वेळी कुणीतरी जवळ बसून, हे असं असं होतं बाई, असं सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

नेरुळ ते वाशी

मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते. बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसरचं काम करायचे. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, त्यावर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईच्या पेनाने रेघ न रेघ उतरवून घ्यायची. नवीन नवीन सेक्टर उठत होते, कामाला तोटा नव्हता. वन-रूम किचन, टू-रूम किचन, जिना, डक्ट. दिवसभर दुसऱ्यांची घरं काढायची आणि संध्याकाळी आपल्या घरी यायचं. आमचं घर नेरुळला, तिसऱ्या मजल्यावर.

माझा नवरा प्रदीप तळोज्याला एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. आम्ही एकमेकांना नावानेच हाक मारतो. सासूबाई समोर असल्या की मी 'अहो' म्हणते. लग्नाला आठ वर्षं झाली होती. पहिली तीन वर्षं आम्हीच थांबलो होतो, ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. पुढची पाच वर्षं मात्र सगळ्यांनी मोजली.

वाशीच्या डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. माझ्या अंडाशयांवर पाण्याच्या बारीक बारीक गाठी होत्या, एकीला लागून एक. "घाबरायचं काही नाही," त्या म्हणाल्या, "बीज वेळेवर पिकत नाही, एवढंच. आपण ते पिकवू."

प्रदीप देवरुखकडचा. तो म्हणाला, "म्हणजे आंब्यांसारखं अढीत घालणार?"

मॅडम हसल्या, मीही हसले. मग त्यांनी प्रदीपचा रिपोर्ट काढला. तो चांगला होता. "अच्छा," एवढंच तो म्हणाला आणि चेहरा कोराच ठेवला. पण मी त्याला आठ वर्षं ओळखत होते. खुर्चीत त्याचे खांदे खाली आले ते मला दिसलं. त्याची सुटका झाली होती. मी त्याच्यावर रागावू शकत नव्हते. उलटं झालं असतं तर माझेही खांदे तसेच खाली आले असते. पण त्या दिवसापासून दुखणं माझं झालं, आणि तो मदत करणारा झाला. हा फरक आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवला नाही.

गोळ्या

आधी सहा महिने गोळ्या. दर महिन्याला पाच दिवस.

पहिल्याच महिन्यात, ऑफिसात भर एसीत, मानेपासून कानांपर्यंत एकदम जाळ उठला. ब्लाउज पाठीला चिकटला. दोन मिनिटांनी घाम वाळून हुडहुडी. माझी आई पंचेचाळिशीनंतर असं पदराने वारा घालायची ते आठवलं. मूल होण्याचं औषध घेऊन मी म्हातारी होत होते.

दुसरं डोळ्यांचं. बल्बकडून नजर वळवली की त्याची पिवळी खूण डोळ्यांत तशीच राहायची आणि कागदावर सरकत जायची. एका रेघेच्या दोन दिसायच्या. एका दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, या जिन्याला एक पायरी जास्त आली आहे." मी मोजली, खरंच जास्त होती. दहा वर्षांत माझी अशी चूक झाली नव्हती. मी ब्लेडने ती रेघ खरवडत बसले आणि कागद फाटला.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "होतं असं काहींना. गोळ्या थांबल्या की जातं." ते खरंही निघालं. पण 'होतं असं' हे आधी का सांगत नाहीत? मला वाटायचं डोळे गेले, नोकरी गेली. बाईने विचारलं नाही तर तिला सांगायचंच नाही, असा काही नियम आहे की काय कोण जाणे.

आणि राग. दुधाची पिशवी गळली म्हणून मी ती प्रदीपच्या अंगावर फेकली होती. तो कामावर जायच्या घाईत, धुतलेला शर्ट. आत गेला, शर्ट बदलला, निघाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

हिराताई

गोळ्यांनी काही झालं नाही, तेव्हा इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, कधी दोन. रोज वाशीला जाणं शक्य नव्हतं. शेजारणीने शिरवण्याच्या हिराताईंचं नाव सुचवलं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, मूळच्या शिरवणे गावच्याच. गावठाणात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत एक लाकडी बाक होता, त्यावर पालथं पडायचं. संध्याकाळी सहाला, ऑफिसातून परस्पर.

"सैल सोड गो अंग," त्या म्हणायच्या. "आवलून धरलंस तर जास्ती दुखल. आज उजवी बाजू हाय ना?"

पहिले तीन दिवस काही वाटलं नाही. पाचव्या दिवशी दोन्ही बाजूंना जांभळे-निळे डाग आणि सुपारीएवढ्या गाठी. बसमध्ये मी एका कुशीवर रेलून बसायचे. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यायचा, तरी सकाळी पहिली पावलं टाकताना दात आवळायला लागायचे. आठव्या दिवशी हिराताईंना सुई टोचायला जागा सापडेना. त्यांनी हातातली सिरिंज खाली ठेवली आणि नुसता तळहात माझ्या पाठीवर ठेवून थोडा वेळ बसल्या. मी रडत होते ते त्यांना दिसू नये म्हणून तोंड उशीत खुपसलं होतं, पण त्यांना काय कळायचं राहिलं होतं?

"मी सोता चार पोरी जल्माला घातल्या," त्या म्हणाल्या, "पन असा सोसला नाय."

अकराव्या दिवशी सोनोग्राफी झाली. मॅडम पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. एक-दोन बीजं हवी होती, पण खूप धरली होती. "तुमच्या शरीराने फारच मनावर घेतलंय," त्या म्हणाल्या. आम्ही दोघं आनंदाने हसलो. फार म्हणजे चांगलं, असंच आम्हाला वाटलं. पुढचं इंजेक्शन देऊ की हा महिना सोडून देऊ, असं त्यांनी विचारलं. थोडा धोका आहे, म्हणाल्या. "धोका म्हणजे?" प्रदीपने विचारलं. "पोट फुगतं, थोडा त्रास होतो." मी म्हटलं, द्या. अकरा दिवसांच्या त्या गाठी वाया घालवायला मी तयार नव्हते.

कबूल करते, हो मीच म्हटलं होतं.

जिन्यातलं खोटं

नळीने प्रदीपचं वीर्य आत सोडायचं ते झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी साडी नेसताना निऱ्या कमी पडायला लागल्या. सहाव्या दिवशी परकराची नाडी बांधता येईना. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, दोन घास खाल्ले की गळ्याशी. चालताना आत दोन्हीकडे जड काहीतरी हलायचं. वाकून ट्रेसिंग करणं बंदच झालं, पोट टेबलाला टेकायचं. फोनवर मॅडम म्हणाल्या, विश्रांती घ्या, लिंबू-सरबत, ताक भरपूर प्या, बरं नाही वाटलं तर या. मी रजा टाकली.

त्याच दिवशी दुपारी कठड्याला धरून जिना चढत होते. तळमजल्यावरच्या सबनीस काकू मागून आल्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. माझ्या पोटाकडे बघून त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"अगंबाई! आणि बोलली नाहीस ती! कितवा?"

मला धाप लागली होती. नाही म्हणायचं म्हणजे सगळं सांगावं लागणार होतं, गोळ्या, इंजेक्शनं, गाठी, नळी. ते सगळं त्या जिन्यात उभं राहून बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. पण एवढंच कारण नव्हतं. आठ वर्षांत माझ्याकडे बघून असा चेहरा कुणाचा फुलला नव्हता.

"चौथा," मी म्हटलं.

काकूंनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. संध्याकाळी वाटीभर कैरीचं लोणचं आलं. मी दार लावून घेतलं आणि ते बोटाने चाटून खाल्लं, आणि मग सगळं उलटलं.

लघवी

या मथळ्याला कुणी नाकं मुरडतील. मुरडू देत. हे वाचणाऱ्या एखादीचा जीव त्यावर वाचेल.

त्यानंतर चार-पाच दिवस जरा उतार पडला. वाटलं, संपलं. मग बाराव्या दिवसापासून पोट पुन्हा वाढायला लागलं, आधीपेक्षा झपाट्याने. आडवं झालं की श्वास कोंडायचा. दिवसभरात लघवी जेमतेम कपभर, चहासारखी गडद. मी ते प्रदीपलाही सांगितलं नाही. नवरा झाला म्हणून काय लघवीचं सांगायचं?

तेराव्या दिवशी सकाळी हिराताई भाजी घ्यायला आमच्या बाजूला आल्या होत्या, म्हणून सहज डोकावल्या. मी खुर्चीत बसले होते, पुढे उशी घेऊन. त्यांनी पोटावर बोटांनी टिचक्या मारून बघितल्या. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून यायला वेळ लागला.

"लघवी होते काय?"

"होते की."

"किती? खरा सांग. कोनापासून लपवतंस?"

मी सांगितलं. त्यांनी भाजीची पिशवी तिथेच टाकली आणि शेजारच्यांच्या फोनवरून कंपनीत प्रदीपला निरोप दिला. तो येईपर्यंत थांबल्या नाहीत. त्यांनीच रिक्षा आणली, मला धरून तीन मजले उतरवलं आणि वाशीला नेलं. रिक्षातल्या प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळत होते आणि त्या रिक्षावाल्याला शिव्या घालत होत्या.

तेव्हा माझ्या बहिणींनो, पोट वाढलं आणि लघवी कमी झाली तर लाजू नका, वाट बघू नका. लगेच जा.

बाळंतिणींचा मजला

मला ठेवलं ते बाळंतिणींच्या मजल्यावर. बायकांचं दुखणं म्हणून तिथे. भिंतीपलीकडे तान्ही बाळं रडायची, कॉरिडॉरमध्ये शेपाचा आणि डिंकाचा वास. पहिल्याच दिवशी एक नवीन आया आत आली, पोटाकडे बघून म्हणाली, "कळा कधीपासून चालू झाल्या ताई?" सिस्टरने तिला बाहेर नेलं. नंतर ती दाराशी येऊन उगीचच उभी राहायची.

अंडाशयं मोठ्या मोसंब्यांएवढी सुजली होती. शिरांमधलं पाणी झिरपून पोटात उतरत होतं आणि रक्त मात्र घट्ट होत चाललं होतं. इतकं मला समजलं. अंगभर पाणी आणि तोंडाला कोरड. प्यायला मोजून मिळायचं. मूत्रपिशवीत नळी, हातात सलाइन. रोज सकाळी सिस्टर टेप घेऊन पोट मोजायची आणि टेप त्याच जागी यावी म्हणून बॉलपेनने माझ्या कातडीवर दोन खुणा केल्या होत्या. मी जन्मभर कागदावर खुणा केल्या. आता माझ्यावर होत्या, आणि माप दुसरं कुणी घेत होतं.

तिसऱ्या दिवशी सुईने पाणी काढलं. पिवळसर, दोन बाटल्या भरून. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा श्वास खोलवर गेला. मी प्रदीपला म्हटलं, "अरे, हवा किती छान असते." दोन दिवसांत पोट परत भरलं, जसं काही काढलंच नव्हतं. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. आजार आपल्याशी लढतो असं म्हणतात. इथे माझं शरीर कुणाशी लढत नव्हतं, ते नुसतं भरत होतं. मी त्यात बसून होते.

सासूबाई देवरुखहून आल्या. त्यांना सगळं पहिल्यांदाच कळत होतं. मला वाटलं, बोलतील, त्यांना बोलायचा अधिकारही होता. पण पहिल्या दिवशी त्यांनी तेलाची वाटी मागवली. पायांना हलक्या हाताने तेल लावत बसल्या. दुसऱ्या दिवशी सबनीस काकू भेटायला आल्या आणि कॉरिडॉरमध्येच त्यांना गाठून म्हणाल्या, "काळजी करू नका हो, चौथ्या महिन्यात असं होतं कधी कधी. नातवंडाचं तोंड बघालच." मला आत सगळं ऐकू येत होतं. मी डोळे मिटून पडले.

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडात साखर पडो."

आत येऊन त्यांनी पुन्हा तेलाची वाटी घेतली. "चौथा सांगितलास होय," त्या म्हणाल्या. मी डोळे उघडले नाहीत. "पद्याच्या आधी मला सहा वर्षं काही नव्हतं. मी पण एकदा माहेरच्या वाटेवर एकीला सांगितलं होतं. अनोळखी बाई होती, म्हणून." मग तेलाचा हात घोट्याकडे वळला.

सही

रक्ताची तपासणी झाली आणि कळलं की मला दिवस गेले आहेत.

मॅडमनी ते सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं की गर्भच आता हा आजार वाढवतो आहे. तो जितका रुजेल तितकं पाणी झिरपेल. मूत्रपिंडं दमायला लागली आहेत. "अजून दोन दिवस बघू. नाहीच आवरलं, तर गर्भ काढून टाकण्याचा विचार करावा लागेल. तुमच्या दोघांची सही लागेल."

"काढा," प्रदीप लगेच म्हणाला. "आत्ता काढा. मला ही पाहिजे."

आज मला कळतं की आठ वर्षांत यापेक्षा प्रेमाचं तो काही बोलला नव्हता. त्या दिवशी मात्र मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"मला विचार," मी म्हटलं. धापेमुळे एकेक शब्द तोडून बोलावा लागत होता. "माझं... पोट... आहे."

"विचारतोय. सांग."

मला सांगता येईना. तो कॉटच्या दांड्याला धरून उभा, त्याच्या शर्टाला कंपनीचा उग्र वास. सासूबाई खिडकीशी पाठ करून. बोलायला श्वास नव्हता हे खरं, पण श्वास असता तरी काय सांगितलं असतं? पलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. मी तोंड भिंतीकडे वळवलं.

आणि आता जे लिहिते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून मी मनातल्या मनात म्हटलं, हो, काढा. मला श्वास घ्यायचाय. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याला मी दोन मिनिटांत जा म्हटलं.

पण सही करायची वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळीच्या पिशवीत लघवी वाढायला लागली. आधी कुणाचा विश्वास बसेना. संध्याकाळपर्यंत पिशवी भरली, सिस्टरने ती रिकामी केली, ती परत भरली. सकाळी टेप दोन इंच सैल. सिस्टर टाळ्या वाजवत बाहेर गेली. आया आत येऊन हसली. प्रदीपने मजल्यावरच्या सगळ्यांना पेढे वाटले, लघवीचे पेढे! सासूबाईंनी पदर पुढे करून देवीला हात जोडले. मी पोटभर श्वास घेतला, आणि पहिल्यांदा उताणी झोपले.

मॅडम राउंडला आल्या, चार्ट बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "छान," त्या म्हणाल्या. "रक्त परत तपासू या."

मला तेव्हाच कळलं. गर्भ वाढला की आजार वाढतो, हे त्यांनीच सांगितलं होतं. मग आजार उतरतो तो कशाने? बाकी सगळे पेढे खात होते. मी कुणाला बोलले नाही. दोन दिवसांनी अंगावरून जायला लागलं.

मी जा म्हटलं म्हणून ते गेलं नाही. मॅडमनी मला चार वेळा समजावलं की ते आधीच थांबलं होतं, माझ्या मनाशी त्याचा काही संबंध नव्हता. मला ते पटतं. पहाटे जाग आली की पटत नाही.

घरी

दवाखान्यात गेल्यापासून सतराव्या दिवशी घरी आले. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पोटाची कातडी सैल लोंबत होती, बॉलपेनची खूण अजून पुसट दिसत होती. महिनाभर केस मुठीने गळले. जिना चढताना दोनदा बसायला लागायचं.

सबनीस काकूंचं दार उघडं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही वर व्हा. आत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. चौथा नव्हता, तेव्हा पहिलाही नव्हता, नंतर झाला आणि गेला. काकू ऐकत होत्या. मला वाटलं, खोटं बोललीस म्हणतील. त्या उठल्या, पंखा लावला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी विचारायलाच नको होतं गं. आम्हा बायकांना बघितलं की विचारायची खोड." मग त्या रडायला लागल्या, आणि मलाच त्यांची समजूत काढायला लागली.

सहा महिन्यांनी मॅडमनी सांगितलं की कमी डोस देऊन पुन्हा प्रयत्न करता येईल. प्रदीपने माझ्याकडे बघितलं. या वेळी तो वाट बघत राहिला. मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली. पण घरी येताना तो बसच्या खिडकीतून खाडीकडे बघत होता, आणि मला दिसलं की त्याला हो हवं होतं. त्याला हवं ते मी पुरं करू शकले नाही. तेही आहे आमच्या घरात, कपाटासारखं. त्याला वळसा घालून जायची आता सवय झाली आहे.

वंदना

वर्षभराने मॅडमचा फोन आला. नावड्याची एक मुलगी ॲडमिट होती. वंदना नाव, सव्वीस वर्षांची. माझंच दुखणं. ती कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. "तुम्ही येऊन बसाल का थोडा वेळ?"

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेले. तोच मजला, तेच वास. पाय दारातच थांबले. ती उशांना टेकून बसली होती, पोट वर, चेहरा एवढासा. मी कोण ते सांगितलं.

"तुमालापन असाच झालता?" तिने विचारलं.

"असंच."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं सपाट पोट बघितलं. "मंग? झाला का तुमाला?"

काय विचारते आहे ते समजायला वेळ लागला नाही. येताना बसमध्ये मी या प्रश्नाची तीन-चार गोड उत्तरं तयार केली होती.

"नाही," मी म्हटलं.

तिचे डोळे भरले. मला वाटलं, मी घात केला. मॅडमनी धीर द्यायला बोलावलं आणि मी हे काय केलं? सॉरी म्हणणार, तेवढ्यात तीच बोलली.

"बरा केलात सांगितलात. इथं सगली मना हसून दाखवतात."

वंदनाचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे, सांगायचं तर ती सांगेल. त्या दुपारी मात्र तिने मला एकामागून एक प्रश्न विचारले. आडवं कधी होता येईल? नळी काढताना आग होते का? नवऱ्याचं तोंडसुद्धा बघवत नाही, हे असंच असतं का? कुणाला विचारायची सोय नव्हती असे सगळे प्रश्न. मला जे माहीत होतं ते सांगितलं, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हटलं. तिने अर्धी वाटी पेज प्यायली.

चार वाजता तिला पाणी काढायला न्यायला आले. ट्रॉलीवर घेताना तिने माझं मनगट धरलं. "लय दुखल काय?"

"सुई जाताना दुखेल. मग श्वास येईल."

"मंग?"

"मग दोन दिवसांनी कदाचित परत भरेल."

तिने क्षणभर डोळे मिटले. मनगट सोडलं नाही. "तुमी आत येनार?"

"आत सोडत नाहीत गं."

"मंग दारापरयंत या."

ट्रॉली चालायला लागली. मी तिच्या बाजूने चालत दारापर्यंत गेले.